डोकी मोजून भागत नाही, पायऱ्या मोजा

गेल्या महिन्यातल्या एका रविवारची गोष्ट. माजिवड्यात आमच्या विहारात वंदना आटोपली, मंडळी चहाला थांबली होती. शेजारच्या वहिनींची लेक माझ्याजवळ येऊन बसली. हातात गुळगुळीत कागदाचे, रंगीत चित्रांचे एक पुस्तक होते.

"काका, तुम्ही जन्मभर कचेरीत आकडे लिहिलेत. जरा हे बघा ना."

पुस्तक तिच्या कंपनीचे होते. घोडबंदर रस्त्याच्या अलीकडे ज्या काचेच्या इमारती उभ्या आहेत, त्यांपैकी एकीत ती चार वर्षे कामाला आहे. कंपनीचे नाव इथे देत नाही. अशी पुस्तके आता बहुतेक मोठ्या कंपन्या छापतात. त्यात एक मोठे प्रकरण होते 'डायव्हर्सिटी आणि इन्क्लूजन' या विषयावर. आपल्या भाषेत सांगायचे तर कामाच्या जागी सर्व प्रकारच्या माणसांना स्थान असावे आणि आलेल्या माणसाला परकेपणा वाटू नये, यासाठी कंपनी काय करते त्याचा हा हिशेब. किती कार्यक्रम घेतले, किती जणांना प्रशिक्षण दिले, कोणते बक्षीस मिळाले, हे सारे त्यात होते. पान उलटले तर मधोमध आमच्या या मुलीचा हसरा फोटो!

मी म्हटले, "पोरी, अभिनंदन. आईला दाखवलेस का?"

ती म्हणाली, "आईने तर फोटो कापून फ्रेम करायला दिलाय. पण काका, फोटोत मी आहे, टीम लीडरच्या यादीत मात्र तीन वेळा नाही. आता ते म्हणतात चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात स्टेजवर बोल, आपली कंपनी किती पुढारलेली आहे ते सांग. मी काय सांगू?"

तिचे आप्पा जवळच बसले होते. कोलशेत रस्त्यावरच्या एका कारखान्यात पंचवीस वर्षे हेल्पर म्हणून राबलेला माणूस. तो कारखाना बंद पडला. ते म्हणाले, "आमच्या कंपनीत आपली माणसं लई होती. पण सगळी पॅकिंगला नि लोडिंगला. लॅबमध्ये एक दाखव म्हटलं तर नव्हता."

वाचकहो, बाप-लेकीच्या या दोन वाक्यांत आजच्या लेखाचा सगळा विषय आला आहे. संस्थेने सर्वांना सामावून घेतले की नाही, हे ओळखायचे कसे? भिंतीवरच्या तक्त्यावरून, बक्षिसावरून की फोटोवरून? माझे उत्तर सोपे आहे. एकूण डोकी मोजून भागत नाही. कोण कोणत्या पायरीवर उभा आहे, ते मोजावे लागते.

बाबासाहेबांनी मोजलेल्या पायऱ्या

हे काही मी नवे सांगत नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत आपली माणसे हजारोंनी होती. एकूण हजेरी पाहिली असती तर कोणी म्हणाले असते, गिरणीत भेदभाव कुठे आहे? पण ती माणसे सूत कातण्याच्या खात्यात होती. विणकामाच्या खात्यात, म्हणजे साच्यांवर, त्यांना घेत नसत. धोट्यात नवी कांडी घातली की धागा भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा आम्ही कसा लावू, हे कारण पुढे केले जाई. आणि जास्त मजुरी होती ती नेमकी त्याच खात्यात. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता.

पुढे १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील दलित वर्गाच्या कामगारांची परिषद भरली. जी.आय.पी. म्हणजे आपल्याच ठाण्या-कल्याणावरून जाणारी रेल्वे. त्या भाषणात बाबासाहेबांनी रेल्वेतली शिडी पायरी पायरीने दाखवली. आपला माणूस गँगमन होतो आणि गँगमन म्हणूनच राहतो. त्याला पोर्टरसुद्धा होता येत नाही. का? तर स्टेशनमास्तर पोर्टरला घरकामालाही वापरतो, आणि अस्पृश्याला घरात घ्यायचे कसे? कारकुनीत तो नाही, कारखान्यातल्या कुशल कामात तो नाही. रेल्वेत अस्पृश्य किती, एवढाच प्रश्न विचारला असता तर उत्तर भरघोस आले असते. बाबासाहेबांनी प्रश्नच बदलला. किती, यापुढे जाऊन त्यांनी विचारले, कुठे?

१९४२ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. ऑगस्ट १९४३ मध्ये सरकारी नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. १९४६ मध्ये ते प्रमाण साडेबारा टक्के झाले आणि १९७० मध्ये पंधरा. आज कंपन्या ज्याला मोठ्या इंग्रजी नावाने ओळखतात, त्या कामाचा आपल्या देशातला हा फार जुना आणि फार मोठा प्रयोग आहे. त्याचे यश कसे मोजावे, याचा अनुभवही आपल्या समाजाइतका कोणाजवळ नसेल.

वर्गवार पाहिले की डोळे उघडतात

केंद्र सरकारचीच आकडेवारी घ्या. १९६५ साली पहिल्या वर्गाच्या अधिकाऱ्यांत अनुसूचित जातींचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास होते. त्याच वर्षी चौथ्या वर्गात, म्हणजे शिपाई-हमालांत, ते जवळजवळ अठरा टक्के होते, आणि तेही सफाई कामगार वगळून. सगळ्यांची बेरीज करून सरासरी काढली तर चित्र ठीकठाक दिसते. वर्ग वेगळे केले की कळते, तळमजला भरला आहे आणि वरचा मजला रिकामा आहे. १९९५ पर्यंत पहिल्या वर्गातले प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास पोहोचले. तीस वर्षांत दीडाचे दहा झाले, हे यशच आहे, ते नाकारू नये. पण हक्क पंधराचा होता, हेही विसरू नये. मापन म्हणतात ते हेच. कोठून निघालो, कोठे आलो आणि किती बाकी आहे, हे तिन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवायचे.

मी स्वतः एका कचेरीच्या आस्थापना शाखेत कारकून होतो. बिंदुनामावलीचे रजिस्टर माझ्या टेबलावर असे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. शंभर पदे धरून कोणता बिंदू कोणत्या प्रवर्गाचा, हे त्यात आधीच ठरलेले असते. महाराष्ट्रात अनुसूचित जातींना १३ आणि अनुसूचित जमातींना ७ टक्के. नेमणूक झाली की त्या बिंदूसमोर नाव चढते. भरायचा राहिला तो अनुशेष. आमचे रजिस्टर फार सुंदर होते. लाल शाई, निळी शाई, पट्टीने आखलेल्या रेघा. तपासणीला येणारे साहेब त्याची तारीफ करीत. पण वरच्या संवर्गाच्या पानावर वर्षानुवर्षे एकच शेरा असे, 'पात्र उमेदवार उपलब्ध नाही'. तो शेरा माझ्याच अक्षरातला आहे. वर कोणी नव्हते, कारण खालून वर कोणाला जाऊ दिलेच नव्हते. रजिस्टर पूर्ण होते, न्याय अपुरा होता. हे मला कळायला दहा वर्षे लागली, याची खंत आजही आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सभरवाल खटल्यात सांगितले की हिशेब पदांचा करा, रिक्त होणाऱ्या जागांचा नव्हे. शिवाय आपला उमेदवार गुणवत्तेवर खुल्या जागेत निवडला गेला तर तो राखीव जागेत मोजायचा नाही. २००६ च्या नागराज निकालाने बढतीतील आरक्षणासाठी मोजता येईल अशी माहिती दाखवण्याची अट घातली. आणि २८ जानेवारी २०२२ रोजी जर्नेलसिंग खटल्यात न्यायालय म्हणाले, ही माहिती सबंध खात्याची किंवा सबंध गटाची चालणार नाही, ती संवर्गनिहाय हवी. म्हणजे ज्या पदावर बढती द्यायची, त्या पदांच्या पायरीवर आज कोण किती आहेत, ते सांगा.

माहिती नसली तर काय होते, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. बढतीतील आरक्षणाचा २५ मे २००४ चा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने ४ ऑगस्ट २०१७ रोजी रद्द ठरवला. पुरेसे प्रतिनिधित्व नाही, हे दाखवणारी माहिती सरकारने नीट गोळा करून मांडलेली नव्हती. पुढे ७ मे २०२१ च्या शासन निर्णयाने बढतीची पदे सेवाज्येष्ठतेने भरण्याचे ठरले. कागद नव्हता म्हणून शिडीच्या पायऱ्या हातच्या गेल्या. मोजणी म्हणजे कारकुनी, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

खासगी कंपनीत काय मोजतात?

आता त्या गुळगुळीत पुस्तकाकडे येऊ. खासगी कंपन्यांना आरक्षण लागू नाही. २००६ साली उद्योगपतींच्या संघटनांनी जे. जे. इराणी यांच्या अध्यक्षतेखाली एक गट नेमला आणि स्वेच्छेने पावले उचलण्याचे ठरवले. काही कंपन्यांनी प्रशिक्षण, शिष्यवृत्त्या, लहान उद्योजकांकडून खरेदी असे उपक्रम केले. त्यांचे श्रेय त्यांना द्यावे. पण कामावर कोण किती, कोणत्या पायरीवर, हा हिशेब जनतेपुढे ठेवण्याचे बंधन आले नाही.

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १००० कंपन्यांना एक सविस्तर अहवाल सक्तीचा केला. त्यात कायम आणि बिगर-कायम माणसे किती, त्यांत स्त्रिया किती, अपंग किती, संचालक मंडळात स्त्रिया किती, नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण किती, हे द्यावे लागते. हा अहवाल कंपनीच्या वार्षिक अहवालासोबत कोणालाही फुकट वाचता येतो. तुमच्या मुला-मुलींना सांगा, ज्या कंपनीत जाता तिचा हा तक्ता आधी पाहा. पण त्या तक्त्यात जातीचा रकाना नाही. जे विचारले जात नाही ते मोजले जात नाही, आणि जे मोजले जात नाही त्याची जबाबदारीही कोणावर येत नाही.

बाहेरच्या अभ्यासकांनी मोजले तेव्हा काय दिसले? सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग प्रत्येक घरात माहीत असावा. ६६ आठवड्यांत नोकरीच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४८०८ अर्ज पाठवले. शिक्षण, अनुभव सारखा. फरक फक्त आडनावाचा. उच्चवर्णीय नावाच्या अर्जाच्या मानाने दलित नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता दोनतृतीयांशच भरली. मुस्लीम नावाची तर एकतृतीयांश. म्हणजे मुलाखतीच्या खोलीत पाऊल टाकण्याआधीच चाळणी लागलेली! आणि शिडीच्या टोकाला काय? २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देशातल्या १००० मोठ्या कंपन्यांच्या संचालकांची नावे तपासली गेली. त्यात सुमारे ९३ टक्के संचालक उच्च जातींचे निघाले. अनुसूचित जाती आणि जमाती मिळून साडेतीन टक्के.

पाच प्रश्न

मी त्या मुलीला एका कागदावर पाच प्रश्न लिहून दिले. तुमच्या घरातही कोणी नोकरीला असेल, तर हा कागद कापून ठेवा.

एक. कोण कोणत्या पायरीवर आहे? एकूण टक्केवारी नको. सर्वात खालच्या पदापासून सर्वात वरच्या पदापर्यंत, प्रत्येक पदाचा आकडा वेगळा हवा.

दोन. दाराशी किती आले आणि आत किती गेले? अर्ज किती, मुलाखतीला किती, निवड किती. गळती कोणत्या दारात होते, ते यावरून कळते.

तीन. वर कोण गेले आणि किती वर्षांत? एकाच वर्षी लागलेल्या दहा जणांची नावे मांडा. पाच वर्षांनी कोण कुठे आहे पाहा. यासारखा दुसरा आरसा नाही.

चार. सोडून कोण गेले आणि का? समोरच्या दाराने दहा घेतले आणि मागच्या दाराने आठ गेले, तर भरतीचा आकडा छान दिसतो, पण माणसे टिकत नाहीत. तक्रारींबद्दलही तसेच. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ साली कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसे असतील तिथे तक्रार समिती हवीच. आमच्याकडे तक्रारी शून्य, असे कोणी अभिमानाने सांगितले तर लगेच टाळ्या वाजवू नका. त्रास नाही म्हणून शून्य, की बोलण्याची भीती म्हणून शून्य, ते विचारा.

पाच. मस्टरवर कोण आणि ठेकेदाराच्या यादीत कोण? हा प्रश्न पुस्तकात सहसा नसतो. संध्याकाळी त्याच इमारतीत लादी पुसणारी बाई, गेटवरचा वॉचमन, कचरा नेणारा पोरगा, हे कंपनीच्या डोक्यांत मोजलेच जात नाहीत. ते ठेकेदाराचे. मुंबई महापालिकेच्या २७०० ठेकेदारी सफाई कामगारांनी कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या झेंड्याखाली वर्षानुवर्षे लढा दिला, तेव्हा कुठे एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कायम करण्याचा निर्णय उचलून धरला. सरकारी पदेही बाहेरून भरण्यासाठी राज्याने सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ कंपन्या नेमण्याचा निर्णय काढला होता. लोकांचा विरोध झाला आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. पद ठेक्यावर गेले की बिंदुनामावलीचा बिंदूच पुसला जातो. मग मोजणार काय?

सरकारी, निमसरकारी, पालिकेच्या नोकरीत असणाऱ्यांना यातले पुष्कळसे माहितीच्या अधिकारात मागता येते. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. संवर्गनिहाय बिंदुनामावलीची प्रत, प्रत्येक संवर्गातील अनुशेष आणि विभागीय आयुक्तांच्या मागासवर्ग कक्षाने ती शेवटची केव्हा तपासली ती तारीख, या तीनच गोष्टी मागा. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. आपल्या भागासाठी तो कक्ष बेलापूरच्या कोकण भवनात आहे.

मोजल्याने जात वाढते काय?

काही भले लोक म्हणतात, कंपनीत जात विचारली तर जात वाढेल. मी त्यांना म्हणतो, काखेत थर्मामीटर लावल्याने ताप येत नसतो. ताप असतोच, तो कळतो.

उत्तर आयर्लंडचे उदाहरण पाहा. तिथे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट असे दोन समाज. बेलफास्टच्या जहाज कारखान्यासारख्या चांगल्या नोकऱ्यांत कॅथलिक फार कमी दिसत. १९८९ साली तिथे कायदा झाला. आज दहापेक्षा जास्त कामगार असलेल्या प्रत्येक मालकाला आपल्याकडे कोणत्या समाजाचे किती लोक आहेत, ते दरवर्षी कळवावे लागते, आणि भरती, बढती वगैरेंचा आढावा दर तीन वर्षांनी घ्यावा लागतो. एखाद्याने सांगितले नाही तर तो कोणत्या शाळेत शिकला यावरून अंदाज बांधण्याचीही सोय आहे. मात्र ही माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन आहे. अमुक माणूस अमुक समाजाचा, असे फोडणे गुन्हा ठरतो. आकडा उघड, माणूस झाकलेला. हे तत्त्व आपल्याला उपयोगी आहे, कारण आपल्या कित्येक मुली-मुलांना कचेरीत आडनाव सांगताना आजही पोटात गोळा येतो. कोणालाही स्टेजवर उभे करून त्याची जात वदवून घेणे, हे मापन नव्हे.

न मोजले जाण्याचे दुःख आपल्या समाजाने वेगळ्या रीतीनेही भोगले आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर ज्यांनी अभिमानाने 'बौद्ध' लिहिले, ते केंद्राच्या सवलतींच्या हिशेबातून १९९० पर्यंत बाहेर राहिले. माणूस तोच, वस्ती तीच, गरिबीही तीच. रकाना नव्हता, एवढेच.

एक सावधगिरी मात्र हवी. लहान आकड्यांनी फसू नका. चार माणसांच्या खात्यात एक आपला असला तर पंचवीस टक्के होतात. तो उद्या सोडून गेला की शून्य. अशा वेळी टक्के बाजूला ठेवा, सरळ माणसे मोजा, आणि एकाच वर्षाचे न पाहता चार-पाच वर्षांचे पाहा. आणि आकडा वाईट दिसला म्हणजे अमक्या साहेबाने मुद्दाम केले, असेही लगेच म्हणू नये. आकडा दोषी ठरवत नाही. कुठे शोधायचे, ते दाखवतो.

मग तिने काय केले?

मुलगी हुशार. तिने भांडण केले नाही. समितीला पत्र लिहिले की मी बोलेन, पण मला बोलण्यासाठी माहिती हवी. पाच प्रश्न खाली लिहिले. आठ दिवसांनी उत्तर आले. स्त्रियांची पायरीवार माहिती देऊ शकतो, जातीची माहिती आम्ही ठेवत नाही.

स्त्रियांचा तक्ता पाहिला तर खालच्या दोन पायऱ्यांवर मुलीच मुली. तिसऱ्या पायरीपासून त्या विरळ होत गेल्या होत्या. वरच्या पायऱ्यांवर बोटांवर मोजाव्या इतक्याच. पुस्तकातला एकूण आकडा मात्र खरा होता. त्यात खोटे काही नव्हते. तो फक्त तळमजल्याने उचलून धरलेला होता.

चौदा एप्रिलला ती स्टेजवर गेली. घरी आल्यावर सगळे सांगितले. सुरुवातीलाच "जय भीम" म्हणाली. म्हणाली, "काका, पाय लटपटत होते. पण एकदा म्हटल्यावर बरं वाटलं." मनमाडच्या भाषणातली गँगमन आणि पोर्टरची गोष्ट सांगितली. मग साहेबांना विचारले, पुढच्या वर्षीच्या पुस्तकात माझा फोटो नको, त्या जागी पायऱ्यांचा तक्ता छापाल का? सभागृह थोडा वेळ गप्प राहिले. नंतर एका वरिष्ठ बाईंनी सांगितले की स्त्रियांचा आणि अपंगांचा पायरीवार तक्ता छापू. जातीच्या रकान्याबद्दल विचार करू. कार्यक्रम संपल्यावर दुसऱ्या खात्यातला एक मुलगा तिच्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "जय भीम, ताई." तीन वर्षे एकाच कॅन्टीनमध्ये जेवत होते दोघे. एकमेकांना ठाऊक नव्हते.

तिची बढती झालेली नाही. ती नोकरी सोडायची की थांबायचे, हे अजून ठरवते आहे. मी तिला थांबच असे सांगितले नाही. तिचे पोट, तिचा निर्णय. पण पुढच्या यादीआधी मला कुठे कमी पडते ते लेखी द्या, एवढे मागून घे, असे सांगितले. कारण लेखी मिळाले की तेही एक माप असते.

आपल्याही घरात

लेख इथेच संपला असता. पण मी घरी हे सारे फुशारकीने सांगत होतो, तेव्हा आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "कंपनीचं झालं. आता विहाराच्या कमिटीचं मोजा बघू. वंदनेला बायका किती, नि अध्यक्ष, सचिव, खजिनदारांत किती?"

मी मोजले. वंदनेला निम्म्याहून जास्त स्त्रिया. जयंतीच्या दिवशी स्वयंपाकाला सगळ्याच स्त्रिया. कमिटीत एक, आणि तिच्याकडे सतरंज्यांचा हिशेब. पंचवीस वर्षांत खजिनदार एकदाही बाई नाही. 'पात्र उमेदवार उपलब्ध नाही' हा शेरा आम्ही कुठे लिहिलेला नव्हता, एवढाच काय तो फरक!

येत्या सभेत हा विषय मी स्वतः मांडणार आहे. त्या मुलीच्या आईने, आमच्या वहिनींनी, भिशीचे हिशेब वीस वर्षे पै न चुकता ठेवले आहेत. खजिनदार म्हणून त्यांचे नाव सुचवीन. तुम्हीही आपल्या विहारात, मंडळात, पतपेढीत, युनियनमध्ये एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसा आणि पायऱ्या मोजा. दुसऱ्याच्या दारी हिशेब मागायचा, तर आपली वही आधी उघडी हवी.

जय भीम.